रंगांचा वारसा

घरात नवे मूल जन्मास आले की, त्यास पाहावयास येणाऱ्या आप्तेष्टांत एक चर्चा हटकून सुरू होते. "नाक अगदी आजोबांचे आहे हो!" असे आत्या म्हणते. "पण डोळे मात्र आमच्या ताईचे," असे मावशी ठासून सांगते. मग एखादी वृद्ध आजी बाळाकडे निरखून पाहते आणि म्हणते, "ही चेहऱ्याची ठेवण माझ्या सासूबाईंची. माझ्या मुलांत एकासही ती आली नाही. नातवात मात्र उतरली!"

आजीच्या ह्या साध्या उद्गारात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जी गोष्ट मुलांत नव्हती, ती नातवात आली कोठून? मधल्या पिढीत ती कोठे लपून बसली होती?

ह्या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या घरात शोधणे कठीण असते. माणसाची एक पिढी मोठी होण्यास वीस-पंचवीस वर्षे लागतात. शिवाय त्याचा चेहरा अनेक लहानमोठ्या गोष्टी मिळून घडतो. म्हणून ज्यांच्यातील एखादे लक्षण दुरूनही ठळकपणे ओळखू येते, अशा प्राण्यांचा व वनस्पतींचा अभ्यास करणे सोईचे पडते. आज आपण अशाच एका प्राण्याची ओळख करून घेऊ. तो आहे पश्चिम आफ्रिकेतील एक लाजाळू अजगर.

आपल्या सह्याद्रीच्या रानात आढळणारा अजगर अंगाने चांगला थोराड असतो. त्याच्या मानाने हा आफ्रिकेतील अजगर लहानसाच म्हणावयाचा. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची लांबी साधारणपणे तीन ते पाच फूट भरते. पश्चिमेस सेनेगालपासून पूर्वेस युगांडापर्यंत पसरलेली गवताळ माळराने व विरळ जंगले हे त्याचे माहेर. दिवसा तो उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत पडून राहतो आणि रात्री उंदीर-घुशींच्या शोधात बाहेर पडतो. तो विषारी नाही. संकट आले तर तो अंगावर धावून येत नाही. आपले डोके मध्यभागी लपवून त्याभोवती अंगाची घट्ट वेटोळी घालतो आणि हुबेहूब चेंडूसारखा गोल होऊन बसतो. ह्या सवयीवरून इंग्रजीत त्यास 'बॉल पायथन' हे नाव पडले. आपणही ह्या पाठात त्यास 'चेंडू-अजगर' असेच म्हणू.

पश्चिम आफ्रिकेतील बेनिन ह्या देशात विदा नावाचे एक जुने गाव आहे. तेथे अजगरांचे एक देऊळ असून त्यात हे चेंडू-अजगर मोकळेपणी वावरत असतात. नागपंचमीस आपल्याकडे नागाची पूजा होते, तशीच तेथील लोकांची ह्या अजगरावर श्रद्धा आहे.

ह्या अजगराचा नेहमीचा रंग गडद तपकिरी असून त्यावर सोनेरी-पिवळसर रंगाचे मोठमोठे ठिपके असतात. वाळलेली पाने आणि माती ह्यांत तो असा मिसळून जातो की, पाय पडण्याइतके जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. हा रंग त्यास केवळ शोभेसाठी मिळालेला नाही. ते त्याचे चिलखत आहे. परंतु फार क्वचित रानात ह्या जातीचा एखादा साप असा सापडतो की, त्याच्या अंगावर काळ्या-तपकिरी रंगाचा मागमूसही नसतो. अंग पांढरेशुभ्र, त्यावर पिवळे ठिपके आणि डोळे गुंजेसारखे लाल! अशा प्राण्यास इंग्रजीत 'अल्बिनो' म्हणतात. आपण त्यास 'विवर्ण' म्हणू.

गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत व युरोपात चेंडू-अजगर घरी पाळण्याचा छंद वाढला. आफ्रिकेतून आलेल्या सापांत असा एखादा विवर्ण साप आला की, सर्पपालक त्यासाठी वाटेल ती किंमत मोजावयास तयार होत. त्यांनी विवर्ण सापाची जोडी नेहमीच्या तपकिरी सापाशी जमविली. मादीने अंडी घातली. ती मादी सुमारे दोन महिने अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते, किंवा सर्पपालक ती अंडी उबदार पेटीत ठेवतात. अखेर अंडी फुटली. पण काय आश्चर्य! सारीच्या सारी पिले तपकिरी निघाली. पांढऱ्या रंगाचा थेंबही कोणात नव्हता. विवर्णता नाहीशी झाली असेच कोणासही वाटले असते.

परंतु ती नाहीशी झालेली नव्हती. त्या तपकिरी पिलांस मोठे करून त्यांची जोडी योग्य रीतीने जमविल्यावर पुढच्या पिढीत पुन्हा पांढरी पिले जन्मास आली. माणसाच्या देखरेखीखाली जन्मलेली चेंडू-अजगराची पहिली विवर्ण पिले अमेरिकेत १९९२ साली अंड्यांतून बाहेर पडली. आजीच्या नातवाप्रमाणेच येथेही एक पिढी मध्ये टाकून जुने रूप परत आले होते.

हे कसे घडले? समजण्यास सोपे जावे म्हणून एक कल्पना करू. आपल्या घरात पदार्थांच्या कृती लिहिलेली वही असते ना? तशीच प्रत्येक प्राण्याच्या शरीरात, कोणते काम कसे करावयाचे ह्याच्या कृतींची वही असते असे समजा. हाडे कशी घडवावी, दृष्टी कशी घडवावी, अंगाला रंग कसा द्यावा, ह्या सर्वांची त्यात वेगवेगळी पाने असतात. अशा कृतीच्या एकेका पानास शास्त्रज्ञ 'जनुक' म्हणतात. विशेष हे की, प्रत्येकाजवळ अशी एक नव्हे, तर दोन वह्या असतात: एक आईकडून मिळालेली आणि दुसरी वडिलांकडून मिळालेली. दोन्ही वह्यांत बहुतेक त्याच कामांची पाने असतात. म्हणजे एकेका कामाच्या कृतीच्या दोन दोन प्रती झाल्या.

आता वहीची नक्कल करताना लिहिणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर चुकते. पुष्कळदा त्या चुकीने काही बिघडत नाही. पण 'चिमूटभर मीठ' ह्याऐवजी 'मूठभर मीठ' असे लिहिले गेले, तर पदार्थाचे काय होईल ते सांगावयास नको. जनुकांची नक्कल होत असतानाही असे बदल क्वचित होतात. त्यांस 'उत्परिवर्तन' म्हणतात. विवर्ण अजगरात बदल झाला होता तो काळा-तपकिरी रंग तयार करण्याच्या पानात. ह्या रंगद्रव्याचे नाव मेलॅनिन. त्याची कृती बिघडल्यामुळे काळा रंग तयार होत नाही. पिवळ्या रंगाची कृती मात्र वेगळ्या पानांवर असल्यामुळे पिवळे ठिपके तसेच राहतात. डोळ्यांतही काळा रंग नसल्यामुळे आतील रक्ताची लाली बाहेर दिसते.

समजा, एखाद्या पिलाच्या एका वहीतील रंगाचे पान बिघडलेले आहे आणि दुसऱ्या वहीतील चांगले आहे. त्याचा रंग कसा होईल? चांगल्या पानावरून काम भागते, म्हणून ते पिलू तपकिरीच दिसते. बिघडलेले पान त्याच्याजवळ असते. पण त्याचा परिणाम दिसत नाही. म्हणून तपकिरी रंगाचा गुण 'प्रभावी' आणि विवर्णतेचा गुण 'अप्रभावी' असे म्हणतात. अप्रभावी गुण दिसण्यासाठी दोन्ही वह्यांतील पान बिघडलेले असावे लागते.

पुढे त्या सापास संतती होते तेव्हा तो आपल्या दोन्ही वह्या पिलास देत नाही. प्रत्येक कामाच्या दोन पानांपैकी कोणते तरी एकच पान पिलाकडे जाते. कोणते जाईल, हे केवळ योगायोगाने ठरते, जणू नाणे उडवून पाहिल्यासारखे.

आता आपण चांगल्या पानास 'र' आणि बिघडलेल्या पानास 'व' अशी खूण देऊ. विवर्ण सापाजवळ 'वव' अशी दोन पाने असतात. शुद्ध तपकिरी सापाजवळ 'रर' असतात. त्यांच्या प्रत्येक पिलास एकाकडून 'व' आणि दुसऱ्याकडून 'र' मिळतो. म्हणून सारी पिले 'रव' होतात, आणि सारी तपकिरी दिसतात. अशा दोन 'रव' सापांची जोडी जमविली तर चार शक्यता संभवतात:

आईकडून र, वडिलांकडून र: रर, तपकिरी.
आईकडून र, वडिलांकडून व: रव, तपकिरी.
आईकडून व, वडिलांकडून र: वर, तपकिरी.
आईकडून व, वडिलांकडून व: वव, विवर्ण.

म्हणजे चारांत सरासरी एक पिलू विवर्ण आणि तीन तपकिरी.

हा हिशेब सर्पपालकांनी शोधून काढलेला नाही. तो मांडला ग्रेगोर मेंडेल ह्या धर्मोपदेशकाने. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो ह्या शहरातील एका मठात तो राहत असे. १८५६ ते १८६३ ह्या काळात त्याने मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढविली, आणि केवळ पाहून न थांबता ती मोजली. जांभळ्या फुलांच्या व पांढऱ्या फुलांच्या रोपांच्या संकरातून प्रथम सर्व रोपे जांभळ्या फुलांचीच आली. त्यांच्या पुढच्या पिढीत ७०५ रोपांस जांभळी आणि २२४ रोपांस पांढरी फुले आली. तिनास एक हे प्रमाण आपल्या सहज ध्यानात येईल. मेंडेलने आपले निष्कर्ष १८६६ साली छापले. पण त्यांचे महत्त्व कोणास फारसे कळले नाही. १८८४ साली तो वारला. १९०० साली इतर शास्त्रज्ञांना त्याच नियमांचा शोध लागला, तेव्हा कोठे जगास त्याची थोरवी कळून आली. वाटाण्याच्या फुलास लागू पडणारा नियम आफ्रिकेतील सापासही तंतोतंत लागू पडावा, हे निसर्गाच्या एकसूत्रीपणाचे केवढे सुंदर उदाहरण आहे!

येथे एका गोष्टीविषयी सावध राहिले पाहिजे. 'चारांत एक' ह्याचा अर्थ प्रत्येक चार अंड्यांत एक विवर्ण पिलू निघेलच असा नाही. नाणे दोनदा उडविले म्हणजे एकदा छाप आणि एकदा काटा पडेलच असे कोठे आहे? प्रत्येक अंड्याच्या वेळी नव्याने नाणे उडते. आधीच्या अंड्यात काय झाले ह्याची त्यास आठवण नसते. चेंडू-अजगराची मादी एका वेळी सहाच्या आसपास अंडी घालते. 'रव' जोडीच्या सहा-सहा अंड्यांचे शंभर संच घेतले, तर त्यांपैकी सुमारे अठरा संचांत एकही विवर्ण पिलू निघणार नाही. ह्यावरून मेंडेलने हजारो रोपे का मोजली, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. थोडक्या उदाहरणांवरून नियम दिसत नाही; पुष्कळ उदाहरणे मोजली म्हणजे तो स्पष्ट होतो.

दुसरी एक अडचण आहे. वरील तीन तपकिरी पिले दिसावयास सारखीच. पण त्यांपैकी एक 'रर' आहे आणि दोघांत 'व' लपलेला आहे. ते कोणते, हे डोळ्यांनी कसे ओळखावे? पूर्वी त्यास एकच उपाय होता. त्या पिलास मोठे करावयाचे आणि विवर्ण सापाशी त्याची जोडी जमवून पिलांची वाट पाहावयाची. मादी अंडी घालण्याजोगी होण्यास साधारणपणे तीन वर्षे लागतात. एक विवर्ण पिलू निघाले की, गुपित फुटले!

आता ह्याहून चमत्कारिक गोष्ट ऐका. विवर्ण सापाशी विवर्ण सापाची जोडी जमविली तर सर्व पिले विवर्णच व्हावयास हवीत, नाही का? बहुधा तसेच होते. परंतु चेंडू-अजगरांत विवर्णांचे एकाहून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराच्या पांढऱ्या अंगावर फिकट जांभळी झाक असते. साधा विवर्ण आणि हा जांभळट विवर्ण ह्यांची जोडी जमविली, तर पिले निघतात ती चक्क तपकिरी! आई रंगहीन, वडील रंगहीन आणि मुलांत मात्र रंग भरपूर. हा रंग आला कोठून?

आपली वह्यांची कल्पना पुन्हा आठवा. मेलॅनिन तयार करण्याचे काम एका पानावर संपत नाही. त्याच्या अनेक पायऱ्या आहेत, आणि एकेका पायरीची कृती वेगळ्या पानावर आहे. समजा, वडिलांचे पहिले पान बिघडलेले आहे, पण दुसरे शाबूत आहे. आईचे पहिले पान शाबूत आहे, पण दुसरे बिघडलेले आहे. दोघांचेही काम कोठे ना कोठे अडते, म्हणून दोघेही रंगहीन. पिलास मात्र पहिले चांगले पान आईकडून मिळते आणि दुसरे चांगले पान वडिलांकडून मिळते. दोघांच्या शिदोरीतून त्याचा स्वयंपाक पुरा होतो. म्हणून ते तपकिरी होते.

ही केवळ कल्पना नाही. २०२२ साली अमेरिकेतील संशोधकांनी ह्या जनुकांचा प्रत्यक्ष छडा लावला. त्यांनी त्यासाठी एकाही सापास सुई टोचली नाही. साप अधूनमधून कात टाकतो हे आपणांस ठाऊक आहे. संशोधकांनी सर्पपालकांना फेकून द्यावयाची ती कात पाठविण्याची विनंती केली. कातीत सापाच्या जनुकांचे अंश शिल्लक असतात. त्यांची तपासणी केल्यावर असे दिसून आले की, साध्या विवर्ण सापात एका जनुकात बिघाड आहे, आणि जांभळट विवर्ण सापात दुसऱ्याच जनुकात. विशेष म्हणजे ह्याच जनुकांतील बिघाडांमुळे माणसांतही विवर्णता येते. आज कातीच्या तुकड्यावरून तपकिरी पिलातील लपलेला 'व' ओळखता येतो. तीन वर्षे वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

सर्वच गुण असे लपून बसत नाहीत. आपल्या अंगणातील गुलबक्षीचे उदाहरण घ्या. लाल फुलांच्या व पांढऱ्या फुलांच्या गुलबक्षीचा संकर केला तर मधल्या गुलाबी रंगाची फुले येतात. कोणताही गुण पुरता प्रभावी नसतो. चेंडू-अजगरांत 'मोहावी' नावाचा एक प्रकार असाच आहे. मोहावी सापाजवळ बदललेले पान एकच असते. तो तपकिरीच दिसतो, पण त्याच्या ठिपक्यांचा घाट नेहमीच्या सापाहून निराळा असतो. दोन मोहावींच्या पिलांपैकी चारांत सरासरी एकास दोन्ही पाने बदललेली मिळतात. ते पिलू जवळजवळ संपूर्ण पांढरे असून त्याचे डोळे निळसर असतात!

डोळे लाल न होता निळसर का? विवर्ण सापात रंग बनविणाऱ्या पेशी असतात, पण त्यांच्या हातून काळा रंग तयार होत नाही. ह्या निळ्या डोळ्यांच्या सापाच्या कातडीत त्या पेशीच आपल्या जागी उभ्या राहिलेल्या नसतात. गर्भात रंगपेशी पाठीच्या बाजूने निघून सर्व अंगभर पसरतात. त्या कामास मदत करणारे जनुक येथे बदललेले असते. डोळ्याच्या आतील पडद्याचा काळा रंग मात्र वेगळ्या पेशींचा असल्यामुळे तो शाबूत राहतो. अंगावर पांढरी ठिगळे असलेला कबरा अजगरही आहे. कबऱ्या गाईसारखा तो दिसतो. त्याचा गुण अप्रभावी असून त्याचे जनुक २०२३ साली ओळखण्यात आले.

दोन निरनिराळे गुण एकाच सापात आणावयाचे झाले तर हिशेब आणखी लांबतो. विवर्ण आणि कबरा ह्यांची सर्व पिले तपकिरी होतात. पण त्यांच्यात दोन्ही गुण लपलेले असतात. अशा दोन तपकिरींच्या पिलांत विवर्णतेचे चारांत एक आणि कबरेपणाचे चारांत एक, असे मिळून दोन्ही गुण दाखविणारे पिलू सोळांत सरासरी एक निघते. अशा रीतीने निरनिराळे गुण एकत्र आणून सर्पपालकांनी शेकडो रंगांचे अजगर निर्माण केले आहेत.

हे सर्व वाचून कोणासही वाटेल की, माणसाने निसर्गाची लेखणीच हाती घेतली. पण ह्या कथेस दुसरीही बाजू आहे. १९९९ साली अमेरिकेत 'स्पायडर' म्हणजे कोळी ह्या नावाचा एक प्रकार पैदा करण्यात आला. त्याच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा असतात. हा गुण प्रभावी. एकच पान बदललेले असले तरी तो दिसतो. म्हणून त्याची पैदास फार लवकर वाढली. लोकांनी तो हौसेने विकत घेतला. परंतु हळूहळू त्यांच्या लक्षात आले की, ह्या सापाचे डोके थरथरते. मान मध्येच वाकडी होते. उंदरावर झडप घालताना त्याचा नेम चुकतो. काही सापांत हा दोष थोडा असतो, तर काही बिचाऱ्यांस वर कोणते आणि खाली कोणते हेही उमगत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ह्या सापांच्या कानाच्या आतील, तोल सांभाळणाऱ्या भागाची घडण बिघडलेली असते असे आढळून आले.

एक जनुक शरीरात पुष्कळदा एकाहून अधिक कामे करते. एकाच पानावर दोन कृती लिहिलेल्या असाव्यात, तसा हा प्रकार. रंगासाठी ते पान बदलले की, त्याच्याबरोबर तोलही बदलतो. जाळीदार रंग ठेवून थरथर तेवढी काढून टाकावी, असे पुष्कळांनी प्रयत्न केले. ते साधले नाही. काही पालक म्हणतात की, हे साप खातात-पितात, वाढतात. मग त्यांची पैदास करण्यास हरकत कोणती? दुसरे म्हणतात की, ज्या जिवास नीट मान धरता येत नाही, त्यास केवळ आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी जन्मास घालणे न्यायाचे नव्हे. ब्रिटनमधील सर्पप्रेमींच्या एका जुन्या संस्थेने आपल्या प्रदर्शनांतून ह्या प्रकाराच्या विक्रीस बंदी केली. सापास ओरडता येत नाही आणि तक्रारही करता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने विचार करण्याची जबाबदारी माणसावरच येते.

रंगाचा मोह माणसास कोठवर नेतो, ह्याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतही घडले. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून विमानाने आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या व केकच्या पुड्यांत दडवून आणलेले साप सापडले. त्यांत नऊ चेंडू-अजगर होते. त्या कोंदट पुड्यांत त्या मुक्या जिवांनी प्रवास कसा केला असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. आपल्या देशातील अजगरास तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय दिलेले आहे. त्यास पकडणे, मारणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. साप पाहावयाचा तो रानात आणि दुरूनच.

आता आपण पुन्हा माणसांच्या घराकडे वळू. सावळ्या आईवडिलांच्या पोटी कधी कधी पांढऱ्या केसांचे, अतिशय गोऱ्या कातडीचे मूल जन्मास येते. अशा वेळी अडाणीपणाने कोणी ग्रहणास दोष देतो, कोणी शापाची गोष्ट काढतो, तर कोणी त्या माउलीसच बोल लावतो. ह्यांपैकी काहीही खरे नाही. आई आणि वडील ह्या दोघांच्याही वहीत एक एक बदललेले पान पिढ्यान्‌पिढ्या लपून आले होते. योगायोगाने ती दोन पाने एका मुलाजवळ आली, एवढेच. त्यात कोणाचे पाप नाही आणि कोणाचा अपराध नाही. उन्हापासून त्या मुलाची कातडी व डोळे जपावे लागतात. बाकी ते तुमच्या-आमच्यासारखेच असते.

तेव्हा पुढे कधी एखादी आजी बाळाकडे पाहून "ही ठेवण माझ्या सासूबाईंची!" असे म्हणाली, तर तिच्या बोलण्यास हसू नका. मधल्या पिढीत जे दिसले नाही, ते नष्ट झालेले नसते. जे डोळ्यांस दिसते, त्याहून पुष्कळ अधिक प्रत्येक जीव आपल्याबरोबर घेऊन आलेला असतो आणि त्यातील अर्धे पुढच्या पिढीच्या हाती देऊन जातो.

स्वाध्याय

१. विवर्ण आणि शुद्ध तपकिरी अजगराची सर्व पिले तपकिरी का होतात?
२. 'रव' आणि 'वव' अशा जोडीच्या पिलांत किती विवर्ण निघतील असे तुम्हांस वाटते? चार शक्यता लिहून दाखवा.
३. दोन रंगहीन अजगरांच्या पोटी तपकिरी पिले कशी जन्मतात, ते वह्यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. 'स्पायडर' अजगरांची पैदास करावी की नाही? तुमचे मत कारणांसह दहा ओळींत लिहा.
५. करून पाहा: दोन नाणी एकाच वेळी चाळीस वेळा उडवा. दोन्हींवर काटा किती वेळा पडला ते मोजा. वर्गातील सर्वांचे आकडे एकत्र करून ते प्रमाण 'चारांत एक' ह्याच्या जवळ येते का, ते पाहा.